परत येण्याचा इरादा

पाच पासपोर्ट गेले, पाच परत आले.
चारांवर शिक्का,
आप्पांच्यात एक चिठ्ठी:
अर्जदाराचा मायदेशी परत येण्याचा इरादा
खात्रीचा वाटत नाही.

ती त्यांनी दोनदा वाचून घेतली.
शाहूपुरी सोडून चौथ्या रात्री
ज्यांना झोप लागत नाही,
सख्ख्या भावाच्या वऱ्हाडातनं जे
सकाळच्या सौद्याला माघारी आले होते, ते म्हणाले,
"मला ठेवून घेत्यात व्हय तिकडं?"
आणि जरा खूशच दिसले.

मग कुणीच गेलो नाही.
रजा मात्र मंजूर होती,
आणि रेणूच्या वहीत रंगवलेला फ्रान्स होता:
बोर्दो जांभळं, शँपेन पिवळं,
चीजच्या गावांवर एकेक गाय.
शेजारच्या पानावर तिनं तेवढाच मोठा
कोल्हापूर जिल्हा काढला.
"गाडी घरचीच," म्हणाली, "भाडं पण वाचलं."

मी चालवत होते. नकाशा धैर्यशीलकडं,
म्हणजे दोनदा चुकलो, तेही पाडळीच्या अलीकडंच.
मागं आत्याबाई, मांडीवर पर्स,
पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र.
खिडकीशी आप्पा.
चाळीस वर्षं गुळाच्या अडतीत,
रव्याला टोचा मारून, चिमूट जिभेवर ठेवून
सांगायचे: कासारीकाठ, काळी जमीन,
खत जास्त झालंय, पाव्हणं.
फ्रान्सला जायचं होतं ते एवढ्यासाठीच.
तिथंही म्हणे माणसं असतात,
घोट तोंडात घोळवून डोंगराची बाजू सांगणारी.
"बघूया की," म्हणायचे, "कुठवर पोचल्यात."

डॉक्टरनी गूळ बंद केल्याला सहा वर्षं झाली.

कुंभीकाठी हिंदुरावांच्या गुऱ्हाळावर
काईल उतरायला आली होती.
चुलवाणात चिपाडं, वर भेंडीच्या पाण्यानं धरलेली मळी,
गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळत होता.
वाफेत चष्मे गेले.
पितळी ताटलीत ऊन गूळ आला,
आणि सगळ्यांनी आप्पांकडं न बघायचं ठरवलं.

रेणूनं प्लास्टिकचा ग्लास पुढं केला.
"तिथं थुंकतात आजोबा. चव घ्यायची आणि थुंकायची.
मोठी मोठी माणसं थुंकतात."

आप्पांनी आधी आत्याबाईंकडं पाहिलं.
मग चिमूट घेतली.
काईल वाफ्यात ओतून झाली, तरी
त्यांचं तोंड मिटलेलंच.
"तळातलं पाणी हाय," म्हणाले शेवटी, अडखळत,
"वरच्या अंगाचा ऊस न्हवं हा. आणि खोडवा."
हिंदुराव हसले. खोडवाच होता.
मग आप्पा पाठ करून ग्लासात थुंकले,
देवळात चप्पल चुकून आत नेलेल्या माणसासारखे.

भोगावतीकाठी थुंकले. तुळशीकाठी थुंकले.
रेणू प्रत्येक गावापुढं तारे काढत होती.
आजऱ्यात पाव्हण्यांनी घनसाळचा भात वाढला,
झाकण काढताच बोलणी थांबली,
तिथं थुंकायचा प्रश्न नव्हता;
आत्याबाईंनीच दोन घास मोजून दिले, मग तिसरा.

गडहिंग्लजच्या बाजारात मिरची वाळत होती.
शिंका देत देत परत गाडीपाशी आलो
तर आप्पा आधीच आत बसलेले,
गाल थोडा फुगलेला.
खिशात हिंदुरावांच्या हातची पुडी होती
हे मला आरशात दिसलं.
ग्लास त्यांच्या हातात होता, कोरडा.
गळ्याची घाटी एकदा खाली गेली.

आत्याबाई खिडकीबाहेर
ढिगांकडं बघत राहिल्या. लाल, लई लाल.
"संकेश्वरी हाय ही," त्या म्हणाल्या,
"दोन किलो घेऊया," आणि पर्स उघडली,
यंत्र बाजूला सारून पैसे काढले.

निपाणीवरनं हायवेला लागलो.
कागल गेलं, उजळाईवाडी गेली,
आप्पा झोपेत होते, तोंड किंचित उघडं.
तावडे हॉटेलच्या चौकात वळताना
जागे होऊन म्हणाले, "आलो न्हवं?"

चिठ्ठी अजून पासपोर्टात आहे, पासपोर्ट कपाटात.
आणि मागल्या दाराच्या फटीतनं
अजून मुंग्या निघतात.
सर्व्हिसिंगला मेस्त्री म्हणाला,
"वहिनी, काय सांडलंय हो हितं?"