काटकोनाहून किंचित

आधी प्लग काढला
आणि खिडकीत ठेवला, डोळ्यांसमोर.
मर्व्हची डाव्या हाताची करंगळी
पहिल्या पेराशी संपते,
आणि उरलेली कुठे गेली
हे या शेडमध्ये कोणी विचारत नाही.

जुलै. फ्रँकलिनची थंडी.
ह्यूऑन नदीवरचं धुकं
दहा वाजले तरी उठायचं नाव घेत नाही.
जॉइंटरचं बिडाचं टेबल इतकं गार
की तळहाताचा ओला ठसा उमटतो
आणि बघता बघता मावळतो.

पाइनची एक सरळ पट्टी
बाहेरच्या टेबलावर ठेवली, पेन्सिलीने खूण केली,
सिलिंडर हाताने उलटा फिरवला.
पहिल्या पात्याने पट्टी तीन मिलिमीटर पुढे नेली.
दुसऱ्याने पाच.
तिसरं नुसतंच खालून गेलं,
ओळख न दाखवता.

पाचर सैल, पातं वर, पाचर घट्ट, पुन्हा पट्टी.
बोल्ट आवळला की पातं केसभर चढतं,
म्हणून केसभर खाली ठेवूनच आवळायचं:
हे मर्व्हने कधी सांगितलं नाही.
मला ते चौथ्या खेपेला कळलं,
एक शिवी हासडल्यावर.

मग आतलं टेबल. त्याचं टोक झुकलेलं,
म्हाताऱ्या कुत्र्याच्या मानेसारखं.
खाली हात घातला तर
सायडरच्या डब्याचा कापलेला पत्रा निघाला,
त्यावर अर्धं सफरचंद.
आईशी लग्न करून तो या घरात आला
त्या वर्षीचा ब्रँड. आता मिळत नाही.
मी त्याच्यावर आणखी एक पत्रा सरकवला
आणि दोन्ही पुन्हा आत ढकलले.

राहिली फेन्स,
जिला टेकून फळी सरकते ती उभी भिंत.
गुण्या लावला.
तळाशी उजेडाची बारीक रेघ.
इतकी वर्षं हा माणूस
अशा फेन्सवर काम करत होता?
स्क्रू फिरवला. रेघ गेली.
मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ब्लॅकवूडची पाचवी फळी काढली.
चार त्याने मार्चमध्येच चिकटवल्या होत्या,
झटका यायच्या आदल्या आठवड्यात.
पाचवी चौथीला लावली
आणि वरच्या अंगाला फट,
सिगारेटचा कागद जाईल एवढी.
पुन्हा रंधली. पुन्हा फट.
तेव्हा खडू दिसला, फळ्यांच्या पाठीवर:
आत, बाहेर, आत, बाहेर.
एक फळी फेन्सला तोंड लावून,
पुढची पाठ लावून.
एकीची तूट दुसरीच्या वाढीत.
चारही फळ्या मिळून
पाण्यासारख्या सपाट.

ह्यूऑनव्हिलला फोन लावला.
हॅलोच्या आधी तो म्हणाला,
«फेन्स... हलवलीस?»
हल्ली त्याचे शब्द एकेक करून येतात,
बोटीतून उतरणाऱ्या माणसांसारखे.
हो म्हटलं.
«किती?»
बरोब्बर नव्वदवर.
मागे कुठेतरी चहाची ट्रॉली खडखडत गेली.
«मग माझी... पाचवी...
आता कशी बसायची?»

तिरकस गुण्या घेतला.
त्याच्या चौथ्या फळीच्या कडेवरून
त्याची चूक उचलली, पात्यावर जपून धरली,
पाय न घसरवता शेडभर चालत आणली,
आणि फेन्स तिच्याबरहुकूम वाकवली.
पाचव्या फळीवर लिहिलं: आत.
प्लग लावला.
पहिल्या फेरीत नुसती धूळ,
दुसरीत लाल ढलप्या, दोन्ही टोकांपर्यंत सलग.

कडेला कड ठेवली, मागे टॉर्च धरली.
अलीकडे काही आलं नाही.

सहावीवर लिहिलं: बाहेर.
नव्वदची खूण फेन्सच्या मागे
पेन्सिलीने करून ठेवली आहे,
पुढच्या टेबलासाठी.