विना गिअर

एकोणनव्वद साली साहेब म्हणाले, आठ काढा.
मी मराठी शाळेतली.
राजदूत कडुनिंबापासून सोडली
आणि पाटीवर गिरवला होता तसाच काढला,
वळण, उतार, शेपूट,
शेपटीच्या ओघात थेट फाटकाबाहेर,
विजापूर रोडवर.
मराठी आठ परत येतच नाही साहेब,
परत येऊन मी सांगितलं.
ते हसले. म्हणाले, इंग्रजी काढ, बंद होणारा.
दुसऱ्यांदा पाय टेकला नाही.

पुस्तिका मिळाली. फोटोवर शिक्का असा बसला
की माझा एक कान जांभळा.
आत शाईनं: अडगटला नागमणी सिद्राम,
मोटारसायकल, गिअरसह.
त्या "सह"वर नायना बोट फिरवत राहिले,
मराठी त्यांना वाचता येत नव्हतं,
तरी रंगाऱ्याच्या हौदावर चार जणांना दाखवून आले.

मग वीस वर्षं ओलं सूत वाहिलं,
पूर्व भागातल्या बोळांतून,
पाठीवर लाल उतरायचा, कधी हिरवा.
नायना गेले. राजदूत गेली, दुसरी आली.
पुस्तिकेची मुदत संपली तेव्हा
खिडकीत ती काढून घेतली, कार्ड दिलं,
चकचकीत, सोनेरी टिकलीवालं.
इंग्रजी अक्षरं होती. मी नाव पाहिलं, फोटो पाहिला,
दोन्ही कान जागेवर. पर्समध्ये टाकलं.

सात रस्त्याला गेल्या साली एका पोरानं थांबवलं,
नवीन वर्दी, हातात मशीन.
मावशी, ही गाडी तुम्हाला चालत नाही.
पंधरा वर्षं चालतीय की बे!
नाही, कार्डावर बघा, मधे एक ओ आहे.
ओ असला की विना गिअर.

एक ओ.
कुणी टाकला असेल?
खिडकीतल्या माणसानं नाव वाचलं असेल, नागमणी,
बाईमाणूस, म्हणजे स्कूटी,
आणि बोट आपोआप गेलं असेल.
रागही धड येईना. जेवायची वेळ असेल त्याची.

जुनी नोंद संगणकात नाही, म्हणाले.
रजिस्टर? वाळवी.
पुस्तिका आणा. ती तुम्हीच घेतली.
पोच आणा.
बाहेर टपरीवर बसवराज एजंट म्हणाला,
काकू, स्कूटी घ्या ना, कशाला डोक्याला ताप.
तो वाईट नाही. त्याच्या स्वतःच्या कार्डावर
बापाचं नाव चुकलंय, आठ वर्षं झाली.

तर सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा शिकाऊ.
ओटीपी पुण्याला, भाच्याच्या फोनवर,
तो मीटिंगमध्ये.
अंगठा मशीनला लागेना.
पुन्हा दाबा मावशी. पुसून दाबा. डावा दाबा.
सुताच्या गाठी मारून मारून
रेघा गेल्या कधीच,
आता त्या शंभर लोकांच्या अंगाखालच्या चादरीत आहेत,
तिथून आणू?
चौथ्या दिवशी मधलं बोट लागलं.

मागे लाल एल लावून महिनाभर फिरले.
वेगाची पोरं उगाच हॉर्न द्यायची,
आणि एकदा, अशोक चौकात, एका म्हाताऱ्यानं
शिकतेस होय, म्हणून वाट करून दिली.
मी हो म्हणाले.

चाचणीला मैदान तेच, कडुनिंब नाही.
सिमेंटवर पिवळा आठ आखलेला, कडेला खांब, कॅमेरा.
एक ओ पुसायला
दोन ओ काढायचे, एकाला एक चिकटलेले.
साहेब माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या,
त्यांचं लक्ष पडद्यावर.
गिअर दुसरा, नजर लांब, नायना म्हणायचे तशी.
पाय टेकला नाही.

कार्ड पोस्टानं येईल म्हणतात.
की फोनमध्येच येईल, आता कार्ड बंद होणार आहे,
की बंद होणार नव्हतं, तो आदेश मागे घेतला.
पाच वर्षांची मुदत आहे, मग डॉक्टरचा दाखला.

झालं? विचारलं.
झालं. जा तुम्ही.
मी गाडी वळवली,
एक वळण, एक उतार,
फाटक उघडंच होतं.