वाळवीनंतर

वाळवीनं नावं खाल्ली, हाडं ठेवली.
परळच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यात कपाट उघडलं
तर चिठ्ठ्यांच्या जागी मातीच्या रेघा
आणि खालच्या फळीवर, एकमेकांत घुसलेले,
पंचवीस-तीस हात.

हात म्हणायचे का, इथूनच सुरुवात.
म्हणा, म्हणाले घाडीमामा.
खांद्याकडनं एक हाड,
मग दोन,
मग मूठभर खडे,
मग बोटं.
हे ज्याचं जुळेल तो घरातला.

मी एम.एस्सी., मामा आठवी नापास,
मोजत होतो एकाच पाढ्यानं.
हे आखूड, जाड, फावड्यासारखं: डॉल्फिन,
वर्सोव्याला वाहून आलेला.
मासा नव्हे. पापलेटाचा पर ठेवा शेजारी,
पाढा पहिल्याच ओळीला अडतो.
ह्या छत्रीच्या काड्या वटवाघळाच्या.
ही घूस, गटारं उकरून नखं झिजलेली.
फुलपाखरांची पेटी मामांनी बाजूला सारली:
नुसतं उडता येतं म्हणून
कुणी भावकीत बसत नाही.

एका लांब हाडापाशी मात्र थांबलो.
बोट एकच.
रेसकोर्सचा घोडा असणार.
बाकीची कुठं ठेवली ह्यानं?
मामांनी अंगठ्यानं चाचपलं:
हाडाच्या दोन्ही अंगांना चिकटून
दोन बारीक सुया, कुठंच न पोचणाऱ्या.

मग स्वतःचा उजवा पंजा टेबलावर ठेवला.
मधली दोन बोटं नाहीत.
स्पिनिंग खातं, एक्क्याऐंशी साल.
"माझी एका पाळीत गेली. ह्याला किती लागले?"
पाच-साडेपाच कोटी वर्षं, मी म्हटलं.
मामा बराच वेळ घोड्याकडे बघत राहिले.
"तरी माझ्या पोरीला दहाच्या दहा आली.
ह्याच्या शिंगराला एकच."

सहा वाजता शिपाई किल्ल्या घेऊन दारात,
आणि फळीवर एक हात उरलेला.
करंगळीएवढा. पाच बोटं, अंगठा वेगळा,
हाडांची टोकं अजून न जुळलेली.
माकडाचं पिल्लू की कुणाचं मूल?
पुस्तक काढलं असतं तर कळलं असतं.
मी चिठ्ठीवर पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका पसरत गेला.

"नाव उद्या लिहा," मामा म्हणाले,
"आधी खाली कापूस घाला."