सहा किलो

मी शाहूपुरीत गूळ तोलतो.
बावीस वर्षं झाली.
रवा नुसता मांडीवर घेतला तरी सांगतो,
तीस आहे की साडेएकोणतीस.
लोक म्हणतात, अमोलिकच्या हाताला देणगी आहे.
पायाचं कुणी बोलत नाही.

पाय म्हणजे उजव्या पायाचा अंगठा.
व्यापाऱ्याची भुवई हलली
की तो काट्याच्या पाटीखाली जातो
आणि किंचित, अगदी किंचित, वर रेटतो.
शनिवारी वडणग्याच्या बाळगोंडाचे बारा रवे होते.
रव्यामागं अर्धा किलो.
हिशेब सोपा आहे, म्हणून तर विसरता येत नाही.

रविवारी प्रभुभोजन.
इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, चपला दाराबाहेर,
दुसऱ्या ओळीत माझी नेहमीची जागा.
माझा आवाज मोठा आहे. धृपद मी उचलतो
आणि मंडळी माझ्या मागून येते.
पाळकसाहेब म्हणाले, मस्तकं लववू या.
मस्तक लववलं.
तर समोर सतरंजीवर, बिनचपलेचा,
धुतलेला, नख कापलेला,
तो.

प्रार्थना लांबली.
आजाऱ्यांसाठी झाली, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी झाली,
शेवटी सगळ्यांच्या पापांसाठी, एकगठ्ठा.
त्या गठ्ठ्यात माझे सहा किलो सहज खपले असते.
आमच्या बाजारात तसंच खपतं.
पण वाटलं, वर कुणीतरी
रवा न् रवा वेगळा काढून बघतंय,
आणि त्याला घाई नाही.

भाकरीचं ताट पहिल्या ओळीत होतं, तेव्हा मी उठलो.
दानिएल मास्तर कुजबुजले, "बरं नाही का?"
मी मान हलवली. होकाराची की नकाराची,
मलाच कळलं नाही.

सायकल. शिवाजी पूल. खाली पंचगंगेत
म्हशी धुणारी पोरं.
गुऱ्हाळ चालू होतं. चुलवाणाचा धूर,
काहिलीत आदण रटरटलेलं,
बाळगोंडा कडेला उभा, डोक्याला टॉवेल.
मी दोनशे सत्तर रुपये पुढं केले.
सांगताना वाक्य तीनदा मोडलं.
चर्चमध्ये माझं वाक्य कधी मोडत नाही.

तो हसला नाही, रागावलाही नाही.
पैसे मोजले. मग म्हणाला,
"मला ठावं हुतं की. घरनं तोलूनच धाडतोय मी."
आणि जरा वेळानं, काहिलीकडं बघत,
"त्या बारा रव्यांत म्या बी साखर घातली हुती."

मग आम्ही दोघं गप्प.
गुळव्या फावडं फिरवत राहिला.
बाळगोंडानं फडक्यातली भाकरी मोडली,
अर्धी माझ्या हातावर ठेवली,
वर ऊन काकवी ओतली.
"खावा. भाजंल, बेतानं."
जेवणाआधीची प्रार्थना करायला मी तोंड उघडलं,
तर एवढ्या वर्षांचे पाठ शब्द
एकही आला नाही.
भाकरी खाल्ली. जीभ भाजली.

परतलो तेव्हा दोन वाजून गेले होते.
पायरीवर बसून सुवार्ताबाई
प्रभुभोजनाचे इवले काचेचे पेले पुसत होत्या.
"संपलं की सगळं," त्या म्हणाल्या,
"तुमचा वाटा न्हाई ठेवला कुणी."
"असू दे," म्हटलं.
"मग एवढं तबक धरा. कुलूप काढते."

धरलं.
साठेक रिकामे पेले, एक पितळी तबक.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
हातातल्या वस्तूचं वजन
मला सांगता आलं नाही.

उद्या सोमवार.
सौदे आठाला सुरू होतात.
व्यापाऱ्याची भुवई हलेल.
अंगठा माझाच आहे, अजून.