पोकळीचं भाडं

देगलूर नाक्याच्या गोदामात
एकवीस वर्षं टेप लावतोय मी.
लांबी, रुंदी, उंची. घनफुटाला सहा किलो.
काटा एक बोलतो, टेप एक बोलतो,
कंपनी जास्तीचं धरते.

खाजा मिस्त्रीने हातगाड्यावरून आणलं
ते फर्गो ट्रकचं नाक होतं :
बॉनेट, दोन्ही मडगार्ड, मधली जाळी.
लोह्याकडच्या एका आखाड्यावर पडून होतं म्हणे,
वीस-बावीस वर्षं कोंबड्या अंडी घालायच्या त्याच्याखाली.
मिस्त्रीने चार महिने ठोकून ठोकून
पत्र्याला त्याचा मूळ बाक आठवून दिला.
जायचं जोरहाटला. तिकडे कोणी फुकन आहे,
त्याच्या बापाचा ट्रक उभा आहे,
इंजिन सुरू होतं, चाकं फिरतात,
फक्त तोंड नाही.

मी टेप लावला.
पाच, सहा, साडेतीन.
काटा म्हणाला एकशे दहा,
मी लिहिलं सहाशे तीस.

मिस्त्रीने आकड्याकडे असं पाहिलं
जसा सरळ पत्र्यात पोचा दिसावा.
मग खांद्यापर्यंत हात आत घातला,
फिरवला, रिकामा बाहेर काढला.
"साब, हवेचा पण किराया घेता?"

काय बोलणार. नियम आहे.
हे सांगितलं नाही, की मुलीचं कपाट
हडपसरला पाठवलं तेव्हा
रिकाम्या कप्प्यांची पावती
मी माझ्याच हाताने फाडली होती.
लॉकर धरून.

रेल्वे पार्सलवाले म्हणाले, डब्याच्या दारातून जात नाही.
एकजण म्हणाला, मधून कापा, अर्ध्यात जाईल.
मिस्त्री त्या माणसाशी पुन्हा बोलला नाही.

पण रोज येऊ लागला.
कट चहा घेऊन गाड्या बघत बसायचा :
कोणती भरून जाते, कोणती रिकामी परतते,
ताडपत्रीला कुठे उंचवटा, कुठे खड्डा.
आठव्या दिवशी म्हणाला,
"साब, नाक रिकामं पाठवायचंच कशाला?"

वसमतच्या तोष्णीवाल शेठची हळद
महिन्याला एक गाडी तिकडे जाते.
भाडं अख्ख्या गाडीचं,
आत काय कसं रचलं, कुणी विचारत नाही.
शेठ हसले, मग हिशेब केला,
मग पुन्हा हसले, जरा कमी.
दोन हजार रोख
आणि तिकडून दोन किलो चहा, दाणेदार.

रात्री साडेनऊला गाडी भरली.
नऊ पोती आधी रचून
वरून नाक अलगद उतरवलं,
खुडूक कोंबडी बसते तसं बसलं ते.
दहावं पोतं कडेने सारताना
जाळीला अडकून फाटलं,
बॉनेटभर, मडगार्डभर पिवळं.
मी फडकं शोधायला लागलो
तर संभा हमाल म्हणाला,
"असू द्या की. हळद लागली,
आता फुकनाला मागं फिरता येत नाही."
मिस्त्री पाठ करून उभा होता.
बराच वेळ बिडी पेटत नव्हती त्याची.

कंपनीला यात एक रुपया मिळाला नाही.
मॅनेजरने विचारलं, ते मोठं धूड कुठे गेलं?
म्हटलं, गेलं.

तेराव्या दिवशी जोरहाटहून फोन.
तोंड बसलं. रंग अजून दिला नाही.
दोनदा धुतलं तरी
इंजिन तापलं की वास येतो,
फुकनाची आई म्हणते, कुणाच्या घरी लग्न आहे?
आणि जाळीच्या मागे एक पीस सापडलं, तांबूस.
त्याला वाटलं,
तुमच्याकडे असंच पाठवायची रीत असेल.

हल्ली टाकी येवो, पिंप येवो, कूलर येवो,
टेप लावण्याआधी मी आत हात घालून बघतो.
मग टेप लावतो. भाडं तेवढंच होतं.

शेठचा चहा
सिलिगुडीला कुठेतरी अडकलाय.