फक्त घेव

रजेच्या अर्जावर यंदाही लिहिलं :
'कारण – घरगुती कार्य.'
पर्वती जलकेंद्रातले साहेब चष्म्यावरून बघतात.
एकोणीस वर्षं झाली, कार्य उरकत कसं नाही?
त्यांना काय सांगू,
आमच्याकडे भीतीची पंगत असते.

अनसूया बिडवे.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं मोजणारी बाई.
दिवसभर मोजायची, आणि रात्री
रद्द हजेरीपत्रकांच्या पाठीवर लिहायची.
एकच कादंबरी. 'वाटीभर'.
दीड रुपया किंमत, पाचशे प्रती,
मुखपृष्ठावर बंद दार, उंबऱ्यात
पालथी वाटी.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात :
पेठेत एक माणूस राहायला येतो. सभ्य, नाकासमोर चालणारा.
तिन्हीसांजेला कडी वाजवतो, साखर मिळेल का वाटीभर?
मग काडेपेटी. मग छत्री.
मग एका घरातली झोप,
एका सुनेचं हसणं,
एका मास्तरांच्या सहीतलं शेवटचं अक्षर.
आणि तो सगळं परत करतो हो,
वेळेवर, धुऊनपुसून.
फक्त आलेलं ते, गेलेलं नसतं.
सून हसते, आणि अख्खी पंगत
घास हातात धरून बसून राहते.

शेवटी काय होतं ते सांगत नाही.
सांगायचं नाही, एवढा एकच नियम आमचा.

बाईंचा फोटो नाही.
पेन्शनच्या कागदावर जन्मतारखेपुढे 'अंदाजे'.
म्हणून रास्ता पेठेतल्या वाचनालयाच्या प्रतीत
मागच्या चिठ्ठीवर जो पहिला जांभळा शिक्का
तीच तिथी धरली : चौदा डिसेंबर.
कुणी नेली होती? सभासद क्रमांक सत्तर.
वहीत एकोणसत्तर आहे, एकाहत्तर आहे.

दुपारी वसईकर फळ्यावर खडूनं लिहितात :
'आज देवघेव बंद. फक्त घेव.'
मग आम्ही जमतो. गेल्या वर्षी नऊ होतो, यंदा सहा.
दस्तगीरभाई रिक्षा कोपऱ्यावर लावून येतात,
ससूनमधून निवृत्त झालेल्या सगुणाबाई साळवे
स्वेटरवर स्वेटर घालून,
आणि नवी एक, शर्वाणी तुपे,
जिला भीती वाटत नाही असं ती दोनदा म्हणाली.
पहिलं पान वाचतो. चहा.
सातच्या ठोक्याला एकेक रिकामी वाटी घेऊन
अनोळखी दारांकडे निघतो.

आता दारं उघडत नाहीत.
आतूनच ओरडतात, आम्ही काही मागवलं नाहीये!
मागायला आलोय, म्हटलं तर
आत टीव्हीचा आवाज बंद होतो.
दस्तगीरभाईंना एका पोरानं पेन्सिलीचं टोक दिलं.
सगुणाबाईंना कुणी नुसतंच
जिन्यात बसू दिलं, दम जाईपर्यंत.

मी तिसऱ्या मजल्यावर. नावाची पाटी नव्हती.
एका म्हाताऱ्यानं दार उघडलं, वाटीत डोकावला,
आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं,
'मागचं कुठाय?'

मी त्या जिन्यात पहिल्यांदाच पाय ठेवला होता.
तरी तोंडातून गेलं, 'आणतो.'
त्यानं वाटीत साखर घातली.
शिगोशीग. थरथरत, पण एक कण न सांडता.

वाचनालयात कुणाला बोललो नाही.
शर्वाणी अजून परतली नव्हती,
वसईकर दिवा मालवायचे थांबले होते.
ती आली साडेनऊला, वाटी रिकामी,
म्हणाली, छान माणसं आहेत इथली.
पुन्हा म्हणाली नाही.

सकाळी साखर परत द्यायला गेलो.
शिगोशीग, वर चिमूटभर जास्तच.
म्हाताऱ्यानं जिभेवर एक कण ठेवला,
'ही आमची नव्हे,' म्हणाला, पण वाटी आत नेली.
माझीच वाटी.

मग कामावर. हजेरीपटावर सही केली.
साहेबांनी ती पाहिली,
शेवटच्या अक्षराशी जरा रेंगाळले,
आणि वही मिटत म्हणाले,
उरकलं वाटतं यंदा कार्य.