कंस

शांततेला आमच्या लघुलिपीत खूण नाही.
वेलिंग्टनला, संसदेच्या समितीच्या खोलीत,
एकोणीस वर्षं मी लोकांचं बोलणं टिपून घेते.
खोकला गाळायचा, 'अं' गाळायचं,
अडखळणं इस्त्री करून द्यायचं.

त्या गुरुवारी लॉकलन टलक आले होते
पार दक्षिणेकडच्या गोर गावाहून.
वय एकाहत्तर. धंदा : मेंढ्यांची लोकर कातरणं.
उमेदीत दिवसाला तीनशे मेंढ्या,
आणि एकीच्याही कातडीला ओरखडा नाही,
हे त्यांची बायको नोलीन
कोणी विचारलेलं नसताना सांगत होती.

अर्जदाराला पाच मिनिटं.
टेबलावर लहानसा दिवा : हिरवा, पिवळा, लाल.

ते उभे राहिले. उजवा हात कोटाच्या खिशात,
आणि खिसा मात्र
आत चिमणी कोंडल्यासारखा.

"माझी गोळी साडेसहाची..."
मग काहीच नाही.
मी पेन्सिल कागदाला टेकवून बसले.
अकरा सेकंद. भिंतीवरच्या घड्याळात मोजले.
बोलणं थांबलं होतं, दिवा थांबला नव्हता.

"खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्यात
गोळ्यांची गाडी आठला यायची.
साडेसहा ते आठ
मी नुसतं लाकूड.
सिस्टरला सांगितलं. म्हणाली, सगळ्यांना आठलाच.
पोरगी गुणी होती हो.
तिला कोणी शिकवलंच नव्हतं."

पुन्हा तेच. या वेळी मी मोजलं नाही.

"आमच्या अख्ख्या भागाला या आजाराची एकच नर्स.
गाडीतच जेवते बिचारी.
आमच्याकडे येते आठ महिन्यांनी.
आजार काही आठ महिने दम धरत नाही.
फार मागत नाही मी.
तिच्यासारख्या आणखी काहीजणी,
आणि देशातल्या प्रत्येक वॉर्डात
माझ्या गोळीला माझं घड्याळ."

पिवळा. लाल.
"वेळ संपली," अध्यक्षबाई म्हणाल्या
आणि स्वतःच अवघडल्या.

अर्जावरची सही मी नंतर पाहिली.
पहिलं अक्षर ऐसपैस,
मग बारीक होत होत
आडनावाच्या शेवटी मुंगी.

निघताना दाराशी ते थिजले.
दार सताड उघडं, वाटेत काही नाही,
तरी पाय उठेनात.
मागे मासेमारी परवान्याची मंडळी खोळंबलेली.
नोलीन पर्स उपसत होती :
"आडवं काहीतरी लागतं यांना, ओलांडायला.
पट्टी आणली होती मी, कुठे गेली..."

मी उठले. पेन्सिल
त्यांच्या बुटांपुढे आडवी ठेवली.
त्यांनी खाली पाहिलं,
आणि गोठ्याचा अडसर ओलांडावा
तसा ऐटीत पाय उचलून
पलीकडे गेले.
वळून म्हणाले, "टोक काढून घ्या तिला."

संध्याकाळी मसुदा तपासून आला.
'अकरा सेकंद शांतता' असं मी कंसात लिहिलं होतं,
त्यावर तांबडी रेघ.
नियमच आहे तसा. मीच शिकवते नव्या मुलींना.

आता नोंदीत लॉकलन टलक घडाघडा बोलतात,
एका दमात, एखाद्या तरण्या वकिलासारखे.
वाचणाऱ्याला वाटेल,
काय झालंय या माणसाला?
चांगला तर आहे.

मसुदा मी परत पाठवला आहे.
सोबत चिठ्ठी : कंस राहू द्यावेत.

अजून उत्तर नाही.